जमीन घेताय? तिच्यावर कोर्टात दावा सुरू आहे का, हे सोलापूर जिल्ह्यात कसं शोधायचं?

"सातबारा कोरा आहे, काही बोजा नाही. बिनधास्त इसार द्या."

जमिनीच्या व्यवहारात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण सातबारा कोरा असणं आणि जमीन वादातून मोकळी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीने वाटपाचा दावा लावलेला असेल, आधीच्या ग्राहकाने साठेखतावरून कोर्ट गाठलेलं असेल किंवा बांधाच्या वादात मनाई हुकूम असेल, तरी सातबाऱ्यावर त्याची ओळही नसू शकते.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न सध्या जास्त महत्त्वाचा आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला येणाऱ्या पालखी महामार्गांची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. सुरत-चेन्नई महामार्ग आणि नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग यांच्या प्रस्तावांमध्येही या जिल्ह्याचं नाव आहे. रस्ता आला की भाव वाढतो, मोबदल्याची चर्चा सुरू होते आणि वर्षानुवर्षं न झालेली घरातली वाटणी अचानक कोर्टात जाते.

दुसरीकडे, कोर्टातली बरीच माहिती आता मोबाइलवर फुकट दिसते. ती शोधायची कशी, वाचायची कशी आणि तिच्यावर किती विसंबायचं, ते पाहूया.

सातबारा कोरा असूनही दावा असू शकतो?

हो. सातबारा हा महसूल खात्याचा अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यावरच्या नोंदी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. पण मालकी कुणाची, हा वाद झाला तर त्याचा निकाल दिवाणी न्यायालय देतं.

कुणी दावा दाखल केला म्हणून सातबाऱ्यावर आपोआप नोंद होत नाही. कधी कधी 'इतर हक्क' रकान्यात न्यायालयीन वादाचा उल्लेख सापडतो. तो असेल तर सावध व्हा. मात्र तो नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

कोणत्या कोर्टात शोधायचं?

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. जमिनीचा दावा साधारणपणे जमीन ज्या हद्दीत आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात चालतो. उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांसाठी सोलापूर शहरातली न्यायालयं पाहावी लागतात.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. दिवाणी न्यायाधीशांचे कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर असे दोन स्तर असतात आणि दाव्याच्या रकमेनुसार प्रकरण यापैकी एकाकडे जातं. त्यामुळे एखाद्या तालुक्यातल्या जमिनीचा मोठ्या रकमेचा दावा दुसऱ्या गावच्या वरिष्ठ स्तर न्यायालयात असू शकतो. अपील झालं असेल तर ते जिल्हा न्यायालयात असेल. जिल्हा न्यायाधीशांची न्यायालयं सोलापूरशिवाय बार्शी, पंढरपूर अशा ठिकाणीही आहेत.

म्हणून फक्त आपल्या तालुक्याचं नाव निवडून थांबू नका. तालुका, वरिष्ठ स्तर न्यायालयाचं ठिकाण आणि जिल्हा न्यायालय, असे तिन्हीकडे शोधा.

हायकोर्टाच्या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. आधी या जिल्ह्यातली अपिलं आणि रिट याचिका मुंबईत चालत. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर शोधताना मुंबई आणि कोल्हापूर दोन्ही तपासा.

मोबाइलवर कसं शोधायचं?

तालुका आणि जिल्हा न्यायालयांसाठी 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ही सरकारी वेबसाइट आणि त्याच नावाचं अॅप आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

१. 'केस स्टेटस' वर जा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सोलापूर आणि मग न्यायालयाचं ठिकाण निवडा.

२. शोधण्याचे अनेक पर्याय दिसतील : पक्षकाराचं नाव, केस नंबर, फायलिंग नंबर, वकिलाचं नाव वगैरे. तुमच्याकडे फक्त विकणाऱ्याचं नाव असेल तर पक्षकाराच्या नावाचा पर्याय घ्या.

३. नाव रोमन लिपीत टाका. किमान तीन अक्षरं लागतात.

४. नोंदणीचं वर्ष टाका. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, म्हणून प्रत्येक वर्षासाठी हीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

५. प्रलंबित, निकाली की दोन्ही, असं विचारलं जाईल. 'दोन्ही' निवडा. का, ते पुढे येईलच.

६. चित्रातली अक्षरं भरून पुढे जा. यादी आली की प्रत्येक प्रकरण उघडून पाहता येतं.

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर क्रमांक असतो. त्यातली पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे. हा क्रमांक मिळाला की नाव, वर्ष, ठिकाण काहीही न टाकता थेट तेच प्रकरण उघडतं. त्यामुळे विकणारा "एक किरकोळ केस होती" असं म्हणाला, तर त्याच्याकडून सीएनआर क्रमांक मागून घ्या.

खरी अडचण नावाची

शोध चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. नोंद करणाऱ्याने मराठी नाव रोमन लिपीत कसं लिहिलं असेल, याचा नेम नसतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव कुणी 'डी'पासून लिहितं, कुणी 'जी'पासून. 'पाटील' मध्ये कुणी एक 'आय' वापरतं, कुणी दोन 'ई'. 'गायकवाड' मध्ये 'डब्ल्यू' आहे की 'व्ही', हेही सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे पूर्ण नाव टाकण्याऐवजी ज्यात स्पेलिंग बदलण्याची शक्यता कमी आहे, असा नावाचा तुकडा टाकणं. 'विठ्ठल' शोधायचं असेल तर 'व्ही-आय-टी' एवढी तीनच अक्षरं टाका. यादी लांबेल, पण निसटणार नाही. मग वडिलांचं नाव आणि आडनाव पाहून निवडा.

दुसरी गोष्ट म्हणजे कुणाकुणाची नावं शोधायची. फक्त विकणाऱ्याचं नाव पुरत नाही. समजा, जमीन वडिलोपार्जित आहे आणि धाकट्या बहिणीने वाटपाचा दावा लावला आहे. त्या दाव्यात वादी म्हणून तिचं सासरचं नाव असेल आणि पहिला प्रतिवादी म्हणून थोरल्या भावाचं. तुम्हाला जमीन विकणारा मधला भाऊ यादीत 'आणि इतर' मध्ये गेलेला असेल.

म्हणून आधी जुने फेरफार काढा. वारस नोंदीच्या फेरफारात सगळ्या वारसांची नावं मिळतात. ती सगळी नावं, बहिणींची माहेरची आणि सासरची दोन्ही, शोधात टाका.

बहिणींचा मुद्दा वरवरचा नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वारस म्हणून बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलंच नसेल किंवा हक्कसोडपत्राशिवाय कमी झालं असेल, तर तिथे दावा येण्याची शक्यता गृहीत धरूनच चला.

किती वर्षं मागे जायचं? विकणाऱ्याच्या घरात जमीन कधी आली, तिथपर्यंत. वाटपाचे दावे १०-१५ वर्षं चालणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

प्रकरण सापडलं. आता वाचायचं कसं?

आधी प्रकार बघा. 'रेग्युलर सिव्हिल सूट' म्हणजे साधा दिवाणी दावा, ज्याला कागदोपत्री 'रे.मु.नं.' असंही लिहितात. 'स्पेशल सिव्हिल सूट' म्हणजे वरिष्ठ स्तराकडचा दावा. 'दरखास्त' म्हणजे निकाल लागून गेला आहे आणि आता त्याची अंमलबजावणी मागितली आहे.

मग टप्पा बघा. 'एक्झिबिट ५' किंवा 'निशाणी ५' असं दिसलं, तर तो साधारणपणे तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो. तो मंजूर झाला असेल तर जमीन विकायला किंवा तिथे बांधकाम करायला मनाई असू शकते. त्याखाली आदेशांची यादी असेल तर प्रत्येक आदेश उघडून वाचा.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो 'निकाली' या शब्दाचा. प्रकरण निकाली निघालं म्हणजे वाद संपला, असं नाही. पुढच्या शक्यता तपासा :

• दावा वादीच्या गैरहजेरीमुळे निघाला असेल, तर तो पुन्हा दाखल करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. उशीर माफही होऊ शकतो.

• निकालावर अपील झालेलं असू शकतं. जिल्हा न्यायालयात त्यासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांची मुदत असते. इथेही उशीर माफ होऊ शकतो.

• हुकूमनाम्याची अंमलबजावणी साधारणपणे १२ वर्षांपर्यंत मागता येते. म्हणजे २०१६ मध्ये निकाली निघालेल्या दाव्याची दरखास्त २०२७ मध्येही येऊ शकते.

• वाटपाचा हुकूमनामा झाला असेल, तर शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कोर्टाच्या पानावर 'निकाली' आणि महसूल कार्यालयात मात्र वाटपाची फाइल सुरू, असं होतं ते यामुळेच.

शोधताना 'दोन्ही' निवडायला सांगितलं, ते याचसाठी.

तहसीलदार, प्रांत यांच्याकडचे वाद वेगळे

जमिनीचा प्रत्येक वाद दिवाणी न्यायालयात जात नाही. फेरफारावरची हरकत, शेतरस्त्याचा वाद, महसुली अपील ही प्रकरणं तहसीलदार, प्रांताधिकारी, अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढे चालतात. ती ई-कोर्ट्सवर दिसत नाहीत.

त्यासाठी महसूल विभागाची 'ई-क्यूजे कोर्ट्स' ही वेगळी वेबसाइट आहे. तिथे अर्धन्यायिक प्रकरणांची स्थिती आणि आदेश पाहता येतात. शिवाय 'आपली चावडी' वर गाव निवडलं की सध्या कोणत्या गट नंबरच्या फेरफाराची नोटीस निघाली आहे आणि हरकतीची मुदत कधीपर्यंत आहे, ते दिसतं.

तिसरं ठिकाण म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाची 'ई-सर्च' सेवा. तिथे गाव आणि गट नंबर टाकून नोंदणीकृत दस्त शोधता येतात : खरेदीखत, साठेखत, गहाणखत, हक्कसोडपत्र. न्यायालयीन वादाची नोटीस, जिला व्यवहारात 'लिस पेंडन्सची नोटीस' म्हणतात, ती नोंदवलेली असेल तर इथे सापडू शकते.

काहीच सापडलं नाही तर?

स्क्रीनवर 'नोंद आढळली नाही' असं आलं की दोन शक्यता उरतात : खरंच दावा नाही, किंवा तुमचा शोध त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. यातलं नेमकं काय, ते वेबसाइट सांगत नाही.

जुने, संगणकीकरणाआधीचे निकाल ऑनलाइन असतीलच असं नाही. त्यातल्या जमिनीचा उल्लेखही वेगळा असू शकतो, कारण एकत्रीकरण योजनेआधीच्या कागदांवर आजचा गट नंबर नसतो, जुना सर्व्हे नंबर असतो. दोन्ही नंबर जुळवून ठेवा.

सापडलेल्या प्रकरणातही नेमकी कोणती जमीन आहे, हे ऑनलाइन पानावरून बहुतेक वेळा कळत नाही. ते दाव्याच्या कागदात, म्हणजे वादपत्रात असतं आणि त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. वकिलामार्फत फाइलची तपासणी करता येते किंवा नक्कल विभागात अर्ज देऊन प्रमाणित नक्कल मागता येते. तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नसाल, तर नक्कल कशासाठी हवी आहे, याचं कारण द्यावं लागतं. 'ही जमीन खरेदी करायची आहे' हे कारण स्पष्ट लिहा आणि इसार पावती असेल तर जोडा.

वकिलाकडून शोध अहवाल घेताना एक प्रश्न थेट विचारा : "तुम्ही कोणत्या कोर्टात, कोणत्या नावांनी आणि कोणत्या वर्षांपासून शोधलं?" उत्तर अहवालात लिहून घ्या. केवळ दुय्यम निबंधक कार्यालयातले दस्त पाहून दिलेला अहवाल कोर्टातल्या दाव्यांबद्दल काहीच सांगत नाही.

दावा चालू असताना जमीन घेतली तर काय होतं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५२ यासाठीच आहे. मालमत्तेवर दावा प्रलंबित असताना ती विकली, तरी त्या विक्रीने दाव्यातल्या दुसऱ्या पक्षाच्या हक्काला बाधा येत नाही. खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, पण घेणारा शेवटच्या निकालाला बांधला जातो. "मला दाव्याची माहिती नव्हती" हा बचाव इथे सहसा चालत नाही.

महाराष्ट्रात या कलमाला जोडून वादाची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आहे. पण नोटीस नोंदवलेली नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं समजू नका. सामाईक जमिनीतला एक हिस्सेदार स्वतःच्या हिश्श्यापुरतंच विकू शकतो. त्याने सगळी जमीन विकली, तर बाकीच्यांचा हिस्सा तुमच्याकडे येत नाही.

मोबदल्याचंही तसंच आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३एच नुसार मोबदला कुणाला किती, यावर वाद झाला तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात. रस्त्यात जाणारी जमीन 'मोबदला तुम्हाला मिळेल' या भरवशावर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढं अवघड का आहे?

मूळ कारण साधं आहे. महसूल खातं जमीन ओळखतं ती गट नंबरने. कोर्ट प्रकरण ओळखतं ते माणसाच्या नावाने. या दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये असतो जमीन घेणारा माणूस आणि तोच हाताने दोन्ही जुळवत बसतो.

ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जुन्या अभिलेखांचं डिजिटायझेशन हा त्याचा एक मोठा भाग आहे. पण कागद स्कॅन केल्याने तो सापडेलच असं नाही. जमिनीच्या अभिलेखांशी ई-कोर्ट्स जोडण्याचा प्रायोगिक उपक्रमही झाला आहे आणि हरियाणा, उत्तर प्रदेश यांच्यासोबत महाराष्ट्र त्यात होता. दावा दाखल करतानाच गाव आणि गट नंबर भरणं सक्तीचं झालं आणि ती माहिती सातबाऱ्यावर उमटली, तर सामान्य माणसाचं निम्मं काम होईल.

यात दुसरी बाजूही आहे. सातबाऱ्यावर दाव्याची नोंद आपोआप होऊ लागली, तर केवळ अडवणुकीसाठी खोटा दावा टाकून व्यवहार रोखणंही सोपं होईल. म्हणून नोंद जशी आपोआप चढायला हवी, तशी दावा निघाला की आपोआप उतरायलाही हवी. आजचा अनुभव असा की सातबाऱ्यावर चढलेली नोंद कमी करायला स्वतंत्र हेलपाटे मारावे लागतात.

इसार देण्याआधी

• सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. सगळ्या वारसांची यादी करा.

• प्रत्येक नाव ई-कोर्ट्सवर वर्षवार, प्रलंबित आणि निकाली दोन्हींमध्ये शोधा.

• ई-क्यूजे कोर्ट्स, आपली चावडी आणि ई-सर्च पाहा. हायकोर्टासाठी मुंबई आणि कोल्हापूर दोन्ही तपासा.

• शोधाच्या प्रत्येक पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. दावा उद्याही दाखल होऊ शकतो, म्हणून खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा शोधा.

• कोणताही दावा प्रलंबित नाही, हे विकणाऱ्याकडून साठेखतात लिहून घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

• शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला आणि घरातल्या बहिणींना विचारा. वेबसाइटवर न दिसणारी गोष्ट अनेकदा तिथे कळते.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हे सगळं करायला दोन-तीन दिवस जातील, काही नकला काढाव्या लागतील. त्यासाठी विकणारा थांबायला तयार नसेल आणि "आजच इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" असा लकडा लावत असेल, तर जमिनीच्या भावापेक्षा त्या घाईचं कारण आधी शोधा.